चिंतामणी वकिलांची डेझी

हुक्केरीकरांच्या घरात कुणी एकटं बसलेलं दिसलं, की ते आजारी आहे असं समजून त्याला काढा पाजत. बेळगावच्या रामदेव गल्लीत त्यांचं दुमजली घर. तिघे भाऊ, तिघांच्या बायका, पोरंबाळं, चार दिवस माहेरपणाला येऊन परत जायचं विसरून गेलेली आक्का, आणि त्यात चिकोडी-निपाणीकडून तारखेसाठी येऊन मुक्काम ठोकणारे पक्षकार. जिन्यावरसुद्धा अंग चोरून चढावं लागे.

मधला भाऊ चिंतामणी हा वकील. दिवाणी कामं करायचा, म्हणजे बांधाची भांडणं, वाटण्या, गहाणखतं. कायद्याचा अभ्यास पक्का. पण आवाज असा की कोर्टानं दर दोन वाक्यांनंतर "मिस्टर हुक्केरीकर, जरा मोठ्यानं" म्हणावं. घरात मोठ्या आवाजाची गरजच त्याला कधी पडली नव्हती. तो तोंड उघडायच्या आत त्याच्या वतीनं थोरले रघुवीरअण्णा बोलून मोकळे होत.

त्याची एकच इच्छा होती, आणि ती तो कुणाला सांगू शकत नव्हता. त्याला दिवसातून थोडा वेळ एकटं असायचं होतं. त्यानं गच्ची धरून पाहिली, तर मागोमाग आक्का सांडगे घेऊन आल्या. फिरायला जाऊन पाहिलं, तर अण्णा काठी घेऊन सोबतीला. शेवटी न्हाणीघरात जरा जास्त वेळ काढू लागला, तर बाहेरून पुतण्यांनी दारावर थापा मारून विचारलं, "काका, बुडलात काय?"

अशात कॅम्पातला एक मेजरसाहेब बदलून विलायतेला निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव पुकारला गेला. अण्णांनी चिंतामणीला पाठवलं ते कायद्याची पुस्तकं ठेवायला एक कपाट घेऊन ये म्हणून. संध्याकाळी बैलगाडी दारात उभी राहिली. चिंतामणीची बायको विनोदिनी हात पुसत बाहेर आली आणि गाडीकडं बघत राहिली.

"कपाट आडवं का आणलंय? आणि याला दारं कुठायत?"

"होडी आहे ती," चिंतामणी म्हणाला.

अख्खं घर बाहेर आलं. पांढऱ्या रंगाची, टोकाला निमुळती, न्हाणीतल्या घंगाळापेक्षा थोडी मोठी म्हणावी अशी ती होडी. सोबत डोलकाठी, दोऱ्यांचं गुंतवळ आणि उंदरांनी चव घेतलेलं शीड. मागच्या फळीवर निळ्या अक्षरांत नाव होतं. आक्कांनी ते धाकट्या पुतण्याकडून वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावला.

"ही डेझी कोण रे, चिंत्या?"

"होडीचं नाव आहे, आक्का."

"होडीचं कसलं नाव? त्या मेजराची कुणीतरी असेल. नि ती आता आपल्या दारात!"

अण्णांचा प्रश्न व्यवहाराचा होता. "यात किती माणसं बसतात?"

"एक," चिंतामणी म्हणाला. हे सांगताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा बराच स्पष्ट होता, असं विनोदिनी पुढं कैक वर्षं सांगत असे.

बेळगावात समुद्र नाही, नदी म्हणावी तर तीही लांब. पण किल्ल्याशेजारी तळं आहे. तिथल्या एका कोळ्याच्या खोपटापाशी डेझीचा मुक्काम पडला आणि चिंतामणी वकील रोज सकाळी, आंघोळीच्या आधी, तळ्यावर जाऊ लागले.

शिकवणारं कुणी नव्हतं. साहेब असताना लांबून पाहिलं होतं तेवढंच भांडवल. पहिल्याच दिवशी शीड उभारल्याबरोबर वाऱ्यानं खालची आडकाठी फिरवली आणि ती वकिलांच्या कपाळावर बसली. त्या दिवशी कोर्टात टेंगूळ झाकायला पगडी इतकी खाली ओढली होती, की न्यायाधीशांना अशील कोण आणि वकील कोण हे विचारावं लागलं. पुढच्या दिवशी होडी कलली आणि वकील पाण्यात. त्याच्या पुढच्या दिवशी होडी चालली, पण थेट म्हशींच्या कळपात शिरली आणि म्हशींनी उठायला नकार दिल्यामुळं ऊन चढेपर्यंत तिथंच राहिली.

घरी ओलं धोतर बघून विनोदिनी विचारायची, "आज बसून आलात की पोहून?"

पण हळूहळू जमू लागलं. एका हातात शिडाची दोरी, दुसऱ्यात सुकाणू, टोपी उडू नये म्हणून दातात धरलेली, आणि वाऱ्याकडं गाल. सुकाणू उजवीकडं ढकललं की होडी डावीकडं वळते, ही उलटी रीत त्याला लगेच पटली. घरात आक्कांकडून एखादी गोष्ट करवून घ्यायची तर तो असाच उलटा आग्रह धरायचा. वारा समोरून असला, तर सरळ जाता येत नाही. तिरकं या काठाकडं जायचं, मग वळून तिरकं त्या काठाकडं, आणि असं करत करत पुढं सरकायचं. दिवाणी दाव्यांत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

आणि मग कधीतरी सगळं जुळून यायचं. शीड भरायचं, होडी एका अंगावर जराशी कलायची, तळाखालून पाणी बारीक आवाज करत जायचं. काठावर धुणं आपटणाऱ्या बायका दिसायच्या, पण ऐकू यायच्या नाहीत. त्या वेळी चिंतामणीच्या मनात काय चालायचं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. विनोदिनीला मात्र एवढं दिसलं, की नवरा कोर्टात जाताना शीळ घालायला लागलाय.

तिला याचं कौतुकही होतं आणि रागही होता. ते दिवस सत्याग्रहाचे. गल्लीतल्या बायका पहाटे प्रभातफेरी काढायच्या, त्यात विनोदिनी सगळ्यांत पुढं. टकळीवर सूत काढायची, घरातलं विलायती कापड तिनं सासूबाईंच्या शालूसकट बाहेर काढलेलं. आणि नवरा? नवऱ्याला राजकारणाचं विचारलं की तो म्हणायचा, "दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकल्याशिवाय कसं सांगणार?"

बायका तिला टोमणे मारायच्या. "वकिलीणबाई, तुमचे वकील स्वराज्य आणायला गेलेत वाटतं, तळ्यातनं?"

अशात डेझीचं मूळचं शीड, उंदरांनी ठेवलं होतं तेवढंही, उभं फाटलं.

विनोदिनी म्हणाली, "साहेबाची होडी घेतलीत ती घेतलीत. शीड तरी देशी असू दे."

हे चिंतामणीला मान्य होतं. खादी त्यानं लावून पाहिली, पण तिच्यातून वारा असा आरपार जाई की होडीला तो आल्याचं कळतच नसे. मग नवराबायको दोघं वडगावला यल्लाप्पाकडं गेली. यल्लाप्पा लुगडी विणायचा. त्याच्या हातमागावरचं कापड इतकं घट्ट, की त्यात पाणी बांधून आणावं. त्यानं मापं ऐकून घेतली आणि विचारलं, "काठ कंच्या रंगाचा?"

"काठ नको. पांढरं सरळ कापड पाहिजे," चिंतामणी म्हणाला.

यल्लाप्पानं मान हलवली. "बिगरकाठाचं कापड माझ्या मागावर कधी निघालं न्हाय, वकीलसाहेब."

"अहो, लुगडं नाही ते. शीड आहे."

"व्हय की. पण वारा नेसणारच न्हवं ते?"

विनोदिनी म्हणाली, "त्यांना घालू दे काठ. तुम्हाला रंगातलं काय कळतंय? तुम्ही जाऊन टांगा थांबवा बघू. मी सांगून येते."

चिंतामणी टांगा थांबवायला गेला.

शीड तयार होऊन आलं ते बत्तीस सालच्या जानेवारीत. गावात वातावरण तापलेलं. सव्वीस तारीख काँग्रेसनं स्वातंत्र्यदिन म्हणून ठरवलेली. त्या दिवशी तिरंगा लागणार, अशी कुणकुण, आणि तिरंग्याला बंदी. कचेरी, बाजार, शाळा, जिथं म्हणून काठी उभी करता येईल तिथं पोलीस. चिंतामणीनं विचार केला, की अशा दिवशी गावात नसावं हे बरं. दगड कुठून येईल, लाठी कुठून येईल, सांगता येत नाही. तळ्यासारखी सुरक्षित जागा नाही. म्हणून सव्वीस तारखेला सकाळी तो नवीन शिडाची घडी काखोटीला मारून तळ्यावर गेला.

शीड वरच्या काठीला बांधून त्यानं दोरी ओढली. कापड सरसर वर गेलं आणि फुगलं. काय सुंदर फुगलं! खालचा काठ हिरवा होता, तो त्याच्या गुडघ्याशी. छान आहे, असं त्याला वाटलं. मधलं कापड शुभ्र. वरचा काठ उंच होता आणि त्यामागं सकाळचं ऊन. तो केशरी दिसत होता तो उन्हानं, असा त्यानं समज करून घेतला. तशीही त्याची नजर पाण्यावर होती.

डेझी आजच्यासारखी कधी चालली नव्हती. किल्ल्याच्या तटासमोरून ती झोकात गेली. रस्त्यावरून जाणारा एक टांगा थांबला. मग सायकलवाला उतरला. मग भाजी घेऊन बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या उतरवून उभ्या राहिल्या. बघता बघता बांधावर माणसांची रांग लागली आणि टाळ्या सुरू झाल्या.

इतक्या दिवसांनी लोकांना आपल्या कलेची कदर झाली, या जाणिवेनं चिंतामणीला भरून आलं. त्यानं दातातली टोपी काढून ती हलवली. बांधावर एकच जल्लोष उसळला.

"वंदे मातरम्!"

चिंतामणीला हे जरा जास्त वाटलं.

तेवढ्यात फौजदार मारुतीराव सायकल मारत आले. सज्जन माणूस. कोर्टात साक्षीला आले की चिंतामणी त्यांना कधी आडवेतिडवे प्रश्न विचारत नसे, म्हणून त्यांना तो आवडायचा. सायकल झाडाला टेकवून त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"वकीलसाहेब! खाली घ्या तो!"

"काय?"

"झेंडा! झेंडा खाली घ्या!"

चिंतामणीनं मान मागं टाकून वर पाहिलं. वर केशरी. मध्ये पांढरं. मग खाली गुडघ्याकडं पाहिलं. हिरवं. सबंध बेळगावात एकही काठी सुटू नये म्हणून पहारा लागला होता आणि तो स्वतः, दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारा चिंतामणी हुक्केरीकर, घोंगडीएवढा तिरंगा उभारून किल्ल्यासमोरून चालला होता.

त्यानं बांधाकडं पाहिलं. प्रभातफेरीच्या बायकांच्या घोळक्यात विनोदिनी उभी होती. बाकीच्या सगळ्या हसत होत्या, ओरडत होत्या, एकमेकींना दाखवत होत्या. विनोदिनी पदर खोचून शांत उभी होती. तिला अजिबात नवल वाटलेलं नव्हतं.

टांगा थांबवायला आपल्याला का पाठवलं होतं, ते चिंतामणीला आत्ता कळलं.

"साहेब, ऐकू येतंय न्हवं?" मारुतीराव काकुळतीला आले होते. "खाली घ्या की!"

"खाली घेतलं तर मी परत कसा येऊ? शिडावरच चालते ती!"

हे अक्षरशः खरं होतं. वल्हं त्या दिवशी काठावर राहिलं होतं. पण बांधावर ते वेगळंच ऐकू गेलं. लोकांनी टोप्या उडवल्या. "ऐकलं का? खाली घेत नाही म्हणतात वकील!"

आणि नेमका वारा पडला.

डेझी तळ्याच्या मध्यावर थांबली. शीड लुगडं वाळत घातल्यासारखं सरळ लोंबलं. त्यामुळं तिन्ही रंग आणखी नीट दिसायला लागले. मारुतीरावांनी हुकूम सोडला, की आत जाऊन होडी ओढून आणा. शिपायांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांच्यातल्या कुणालाच पोहता येत नव्हतं. कोळी त्या दिवशी, का कुणास ठाऊक, परगावी गेलेला निघाला. म्हशी होत्या, पण त्यांचा सरकारशी काही संबंध नव्हता.

चिंतामणी होडीत बसून होता. इतकी माणसं त्याच्याकडं बघत होती आणि तरी तो अगदी एकटा होता. त्यानं शांतपणे विचार केला, वकिलानं करावा तसा. चूक झाली म्हणावं, माफी लिहून द्यावी, मारुतीराव सोडून देतील. पण चूक झाली म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: कापड कुणी विणलं? यल्लाप्पाला उचलून आणतील. आणि यल्लाप्पाला विचारतील, रंग कुणी सांगितले?

पाण्यावर पूर्वेकडून बारीक सुरकुती आली. शीड हललं.

आता दोन वाटा होत्या. पलीकडच्या काठाला उतरून शेतांतून निसटता आलं असतं. तिकडं पोलीस नव्हते. किंवा मारुतीरावांपुढं जाऊन उतरायचं. चिंतामणीनं सुकाणू ढकललं आणि तिसरंच काहीतरी केलं. त्यानं तळ्याला एक अख्खी फेरी घातली. काठाकाठानं, सावकाश, कुणाची बघायची राहिली असेल तर त्यानं बघून घ्यावं अशी. किल्ल्याच्या बाजूला दोन गोरे सोल्जर उभे होते, त्यांनाही तोंडी चिरूट धरून मान वळवत वळवत ती बघावी लागली. मग तो वळला आणि शेवटच्या क्षणी दोरी सैल सोडून त्यानं डेझी मारुतीरावांच्या बुटांपासून हातभर अंतरावर आणून अलगद लावली. काठाला धक्कासुद्धा लागला नाही. इतकं सुंदर त्याला याआधी कधीच जमलं नव्हतं.

"चला," तो म्हणाला, "पण आधी मला दोरी बांधू द्या. सुटून जाईल ती."

मारुतीरावांनी दोरीचं दुसरं टोक धरलं.

मॅजिस्ट्रेटपुढं सगळ्यांनी चिंतामणीला सोडवायचा प्रयत्न केला. अण्णांनी मोठा वकील दिला होता. तो म्हणाला, झेंड्यावर चरखा असतो, यावर नाही. सबब हा झेंडाच नव्हे. मारुतीरावही साक्षीत म्हणाले, की आरोपी वाऱ्याच्या स्वाधीन होता. मॅजिस्ट्रेटनं चष्मा वर केला.

"मिस्टर हुक्केरीकर, हे रंग तुमच्या नकळत आले, असंच ना?"

चिंतामणी काहीतरी पुटपुटला.

"जरा मोठ्यानं."

"माझ्या सांगण्यावरून आले!" चिंतामणी म्हणाला. बाहेर व्हरांड्यात पान खाणाऱ्या पक्षकारांनाही ते ऐकू गेलं. अण्णांनी कपाळावर हात मारला. बायकांच्या बाकावर विनोदिनी खाली मान घालून बसली होती. तिच्या टकळीचं सूत तुटलं होतं आणि ते जोडायला तिला काही केल्या टोक सापडत नव्हतं.

शिक्षा झाली, सनद काही काळापुरती गेली, आणि चिंतामणी हिंडलग्याच्या तुरुंगात पोचला. तिथं सत्याग्रह्यांची इतकी गर्दी होती, की कूस बदलायची तर शेजाऱ्याला आधी सांगावं लागे. सकाळी प्रार्थना, दुपारी वादविवाद. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी त्याच्या उशाशी बसून त्याच्याकडून रोज होडीची गोष्ट ऐकायचे आणि रोज ती शेजारच्या बराकीत वाढवून सांगायचे. त्यांच्या गोष्टीत किल्ल्यावरून तोफ डागली गेली होती.

विनोदिनी भेटायला आली. जाळीपलीकडून म्हणाली, "रंग मी सांगितले होते यल्लाप्पाला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तळ्यात असतानाच कळलं. तू टाळी वाजवली नाहीस."

"मला वाटलं, तुम्ही चार दिवस आधी शीड उभं कराल. गल्लीतल्या बायकांची तोंडं बंद होतील, एवढंच होतं मनात. सव्वीस तारखेलाच तुम्ही जाल असं कुणाला ठाऊक? तुम्ही कशाच्या वाटेला जाणारे नव्हेत." तिनं पदर डोळ्यांना लावला. "कोर्टात कबूल करायच्या आधी मला एका शब्दानं विचारायचं तरी..."

"विनू," चिंतामणी म्हणाला, "ते कापड फार उत्तम होतं. त्या शिडावर ती जशी चालली ना, तशी कधी चालली नव्हती. हे यल्लाप्पाला तेवढं सांग."

ती रडता रडता हसली, आणि पहाऱ्याच्या शिपायानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

तो सुटून आला तेव्हा पाऊस सरत आला होता. डेझी पुरावा म्हणून कचेरीच्या आवारात पडून होती. तिच्यात एका कोंबडीनं संसार थाटला होता. शीड सरकारजमा झालं. होडी परत मिळाली, यल्लाप्पानं नवं शीड विणून दिलं, या वेळी साध्या जांभळ्या काठाचं, आणि चिंतामणी पुन्हा सकाळी तळ्यावर गेला.

पण आता तिथं त्याची वाट बघत लोक उभे असायचे. शाळामास्तर मुलांना ओळीनं घेऊन यायचे. अण्णा, ज्यांनी सहा महिने डेझीचं नाव काढलं नव्हतं, ते पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना बांधावर खुर्ची टाकून बसवायचे आणि सांगायचे, "आमचा चिंतामणी. लहानपणापासूनच असा बेडर." होडी निघाली की टाळ्या, वळली की टाळ्या, वारा पडून थांबली तर सगळ्यांत जास्त टाळ्या. आक्का डेझीला हळदकुंकू लावून ओवाळायच्या. डेझी कोण, हे आता त्या विचारत नव्हत्या.

चिंतामणीनं एक हंगाम हे सोसलं. मग एका सकाळी डेझीवर ताडपत्री टाकून त्यानं तिला बैलगाडीवर चढवलं आणि गोकाकच्या बाजूला धुपदाळला धाडून दिलं. तिथं घटप्रभेला बंधारा घातलेला, त्यामागं पाणी लांबच लांब पसरलेलं. पाण्याच्या कडेला परशराम म्हणून त्याचा एक जुना अशील ऊस करायचा. त्याच्या गोठ्याशेजारी डेझी राहिली. कोर्टाला सुट्टी लागली की नवराबायको आगगाडीनं तिकडं जायची. घरी सांगायची, की विनोदिनीच्या पायाला तिकडचं पाणी मानवतं. आक्कांना यायचं होतं. पण परशरामाकडं विंचू फार, असं चिंतामणीनं मोठ्या आवाजात सांगितलं.

तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. तो सकाळी निघायचा, आणि होडी इतकी लांब जायची की शीड एखाद्या बगळ्याएवढं दिसायचं. विनोदिनी काठावरच्या बाभळीखाली टकळी घेऊन बसायची. एकदा तो तिला म्हणाला होता, "दाटीवाटीनं दोघं बसू की." ती म्हणाली, "नको. तुम्ही जाऊन या."

परशरामाला या सगळ्याचं कोडं होतं. एक दिवस तो विडी विझवून तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"वैनी, साहेब रोज जात्यात ते कुठं जात्यात?"

"कुठं नाही. तिकडं जातात आणि परत येतात."

"पल्याड कोण हाय काय वळकीचं?"

"कोणी नाही."

परशरामानं डोळ्यांवर हात धरून पाण्याकडं पाहिलं. "मासं तरी धरत्यात का?"

"शिवतसुद्धा नाहीत."

"मंग एकटं एकटं करत्यात तरी काय येवढा वेळ?"

विनोदिनीनं टकळी थांबवली. लांबवर डेझीनं वळण घेतलं होतं. वारा समोरून होता, म्हणजे आता तिरकं इकडं, तिरकं तिकडं करत यायला दुपार होणार. तिनं भाकरीच्या टोपलीवर फडकं नीट पसरलं आणि त्यावर एक दगड ठेवला.

"ते आल्यावर विचारा तुम्ही," ती म्हणाली. "मला काही ते सांगत नाहीत."

परशरामाला उसात पाणी सोडलेलं आठवलं, तसा तो खोरं खांद्यावर टाकून निघून गेला.